पटावरचं नाव

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला नेरूळमधल्या एका शाळेचं फाटक वॉचमन अर्धंच उघडतो. शाळेला सुट्टी असते, पण तळमजल्यावरचा मोठा वर्ग सकाळपुरता आमच्याकडे भाड्यानं असतो. आम्ही काहीजण आधी येऊन बाक सरळ लावतो. लहान मुलांचे बाक ते, बसलं की गुडघे वर येतात. फळ्यावर शनिवारची अपूर्णांकांची गणितं तशीच असतात. ती पुसायची नाहीत असं शाळेनं सांगून ठेवलंय. मग बाईंच्या टेबलावर इस्त्रीची पांढरी चादर अंथरली जाते, कापडी पिशवीतून पितळी क्रूस निघतो, पेटीचा भाता एकदा ओढून बघितला जातो आणि अपूर्णांकांना पाठ करून पाळकसाहेब उभे राहतात. दहाला वर्ग रिकामा करावा लागतो, कारण आमच्यामागून तिथे मल्याळी मंडळी येते. आम्ही बाहेर पडतो तेव्हा त्यांच्यातल्या वयस्कर बायका पांढऱ्या साड्या नेसून फाटकाशी थांबलेल्या असतात. त्या हसून मान हलवतात. आम्हाला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची अर्धीमुर्धी येते.

नवी मुंबईत अशा जागा ठिकठिकाणी आहेत. शाळेचे वर्ग, सोसायट्यांचे हॉल, दुकानावरचा एखादा गाळा. स्वतःच्या वास्तू असलेली चर्चेस आहेत, कॅथलिकांची भरगच्च धर्मग्रामंही आहेत. तरी मला हे भाड्याचे वर्ग फार आवडतात. उपासना संपली की क्रूस पिशवीत जातो, चादरीची घडी होते, आणि सोमवारी तिथे पुन्हा अपूर्णांक सुरू होतात. तिथे मंडळी म्हणून जे काही उरतं, ते माणसांबरोबर रिक्षात बसून घरी जातं.

नवा चेहरा दिसला की चहाच्या कपाबरोबर पहिला प्रश्न येतो, "कुठल्या मंडळीचे?" नगर, जालना, सोलापूर, मिरज, काहीतरी उत्तर येतं. लगेच ओळखी निघतात, कुणाची मावशी कुणाच्या आत्याची नणंद निघते. आणि मग दुसरा प्रश्न, "लेटर आणलंय का?"

लेटर म्हणजे बदलीचं पत्र. अमुक कुटुंब आमच्या मंडळीचं असून त्यांचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेलं आहे, वर्गणी चुकती आहे, तरी त्यांना आपल्या मंडळीत सामावून घ्यावं, असा चार ओळींचा मजकूर, खाली पाळकांची सही आणि गोल शिक्का. आमच्या घरचं लेटर पप्पांनी स्टीलच्या कपाटात रेशनकार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. नगरहून आलेलं, घड्यांवर शाई पुसट झालेली. ते आमच्याबरोबर इथे आलं, इथल्या रजिस्टरात आमची नावं चढली. लहानपणी मला वाटायचं, आपलं ख्रिस्तीपण त्या पाकिटातच ठेवलेलं आहे.

लेटरात पुष्कळ असतं. जन्मतारीख असते, बाप्तिस्म्याची तारीख असते. या माणसाचा प्रभूवर जीव आहे का, हे मात्र नसतं. ते लिहायचं कुणी आणि सही कुणी करायची? तरीही माझ्या मनात गेली काही वर्षं तोच प्रश्न घोळतो आहे. पटावर नाव असलेला माणूस आणि विश्वास असलेला माणूस, हे दोन्ही एकच असतात असं आम्ही धरून चालतो. ते कधी एक असतात, कधी नसतात. आणि कधी एकाच माणसात आयुष्याच्या वेगवेगळ्या काळात दोघेही राहून जातात.

नगरला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं, १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं. म्हणजे आमच्या पिढीपर्यंत तिथलं ख्रिस्तीपण चांगलं मुरलेलं होतं. घंटा झाली की निघायचं. आजोबांचा बाक ठरलेला, आजीची जागा ठरलेली. एखाद्या रविवारी गेलं नाही तर सोमवारी दूधवालासुद्धा विचारी, "काल बरं नव्हतं का?" वसईच्या मित्रांकडून ऐकलेलं असंच आहे: वाडीतून मान वर केली की चर्चचा मनोरा दिसतो, सणाची तारीख सगळ्या गावाला पाठ असते. तिथे श्रद्धा आहे की नाही हे तपासायची वेळच येत नाही, कारण गाव माणसाला वाहून नेतं.

इथे तसं वाहून नेणारं काही नाही. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एका वर्षात जन्मलेल्या या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, पण मला त्या कायम जोडीनं आठवतात. एक शहर कागदावर आखलं जात होतं, सेक्टर पाडले जात होते, आणि तिकडे माणसं आपापले जुने पंथ बाजूला ठेवून एका नव्या नावाखाली उभी राहत होती. दोन्हीकडे प्रश्न एकच असणार: इथे राहायला येणाऱ्यांना हे घर आपलं वाटेल का?

सेक्टरमध्ये आपण रविवारी कुठे जातो याची कुणी नोंद ठेवत नाही. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्याला आपलं आडनाव माहीत असतं, पुढचं काही नसतं. नगरला रविवार न चुकवणारी कितीतरी माणसं इथे आल्यावर हळूहळू यायची थांबली. ती वाईट झाली असं मुळीच नाही. सकाळची लोकल आणि रात्रीचा ओव्हरटाइम सांभाळून त्यांना रविवार झोपायला लागतो. त्यांची नावं गावच्या रजिस्टरात तशीच आहेत. नाताळला ती सगळी येतात, नवे कपडे घालून, बाक पुरत नाहीत एवढी येतात. अशांविषयी बोलताना आमच्यातले काही लोक नाक मुरडतात. मला ते जमत नाही. एका नाताळला मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला एक गृहस्थ कवी नारायण वामन टिळकांचं एक जुनं गीत सुरू झाल्यावर ओंजळीत तोंड धरून रडताना मी पाहिला. वर्षातून एकदा येणारा माणूस तो. त्याच्या आत काय हललं होतं? आईची आठवण, की आणखी काही? आईच्या आठवणीतून देव येत नाही असं तरी कोण म्हणेल.

या प्रश्नावर मराठीत सर्वांत स्पष्ट बोललं असेल तर ते पंडिता रमाबाईंनी, आणि स्वतःविषयीच बोलून. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. त्याआधीच त्यांचं नाव हिंदुस्थानभर गाजलेलं होतं. संस्कृतच्या पंडिता, विधवा, परदेशी गेलेल्या आणि आता ख्रिस्ती झालेल्या. इकडे त्यांच्यावर टीकेचा पाऊस पडला. तिकडे मिशनची माणसं त्या आता आपल्या झाल्या म्हणून खूश झाली. पण त्या कुणाच्याच 'आपल्या' होईनात. वाँटेजच्या ज्या सिस्टर जेराल्डीननं त्यांना मायेनं सांभाळलं, त्यांच्याशीच त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. धर्मगुरू सांगतात म्हणून एखादा सिद्धान्त मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका चर्चचं कुंपण स्वतःभोवती घालून घ्यायलाही नव्हत्या. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जे सांगितलं ते वाचताना मी दर वेळी थांबतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता आणि त्यात आपलं समाधानही होतं, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळालेला नव्हता. तो भेटायला आणखी जवळजवळ आठ वर्षं गेली.

ती आठ वर्षं कोणती, ते पाहिलं म्हणजे थक्क व्हायला होतं. त्याच काळात त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं देऊन विधवांसाठी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून पाहणारा कुणीही म्हणाला असता, ख्रिस्ती सेवा असावी तर अशी. आणि त्या स्वतः म्हणत होत्या, अजून नाही. मंडळीच्या रजिस्टरवरून कुणी आपल्याला खरा ख्रिस्ती ठरवलं, तर आपल्यातले बहुतेक लोक ते मुकाट्यानं मान्य करून घरी जातील. रमाबाईंनी तसं केलं नाही. लोकांनी दिलेलं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच नाकारलं.

त्यांना हे उमगायला एक पुस्तक निमित्त झालं. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्धू गावी चर्च सांभाळत होता, सगळे विधी नेटके करत होता. १८५१ सालच्या एका रविवारी प्रवचन देता देता, स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून, त्याच्या आत काहीतरी उजळलं. खाली बसलेल्यांपैकी एकानं उठून मोठ्यानं सांगितलं की आपले पाद्रीसाहेबच पालटले! म्हणजे ज्यानं इतरांना बाप्तिस्मे दिले, ज्याच्या सहीनं लेटरं गेली असतील, तोच तोवर दाराबाहेर होता. कॉर्नवॉलच्या एका खेड्यातली ही हकीकत वाचून महाराष्ट्रातली एक बाई आपलं मन तपासते, हे मला फार सुंदर वाटतं.

आमच्याकडे रजिस्टरला खरी किंमत येते ती कमिटीच्या निवडणुकीला. तेव्हा सभासदांची यादी ही मतदारयादी होते. एरवी न दिसणारी माणसं वर्गणीची थकबाकी भरून पावत्या खिशात घालून येतात, आवाज चढतात. कुठे मिशनच्या काळातली जमीन असते, कुठे शाळा असते, कुठे नुसताच मान असतो. याविषयी मी जास्त लिहीत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मंडळीत वाढलेल्या माणसाला हे माहीत आहे आणि दुखतंही आहे.

पण रजिस्टर ठेवणारा माणूस पोकळच असतो असं मात्र कुणी समजू नये. माझे पप्पा मंडळीचे खजिनदार होते. घरी ते कधी मोठ्यानं प्रार्थना करत नसत. रात्री जेवणाआधी शास्त्रातला उतारा वाचत तेव्हा आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा सपाट आवाज लागे. त्यांनी साक्ष दिल्याचं मला आठवत नाही. अमुक दिवशी मला प्रभू भेटला असं ते कधी म्हणाले नाहीत. पण रविवारी दुपारी अर्पणाची थैली जेवणाच्या टेबलावर उपडी करून ते नाणी लावत बसत. एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये, वेगवेगळ्या चळती. चुरगळलेल्या नोटा तळहातानं सपाट करत. चळत पूर्ण झाली की तिच्यावर बोट ठेवून क्षणभर थांबत, मग वहीत आकडा लिहीत. मला ते थांबणं आठवतं. ते मोजणं होतं की आणखी काही, हे मी त्यांना विचारलं नाही. शेवटच्या आजारात वाशीच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी नाकात असताना त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "रविवारचं अर्पण बँकेत भरलं का?" मंडळीविषयी ते माझ्याशी बोलले ते तेवढंच. कुणी म्हणेल, मरणाच्या दारात माणसाला हिशेबच सुचला. मला वाटतं, ते पैसे ज्याचे होते त्याच्याशी त्यांचा व्यवहार चोख होता. पण हे मी मुलगा म्हणून म्हणतो, आणि मुलाची साक्ष किती धरायची?

त्याच वॉर्डात मावशी भेटल्या. रात्रपाळीच्या आया. मूळ राहुरीकडच्या. पप्पांच्या उशाशी गाण्याचं पुस्तक पाहून त्या हळूच "जय ख्रिस्त" म्हणाल्या आणि चादर बदलायला लागल्या. त्यांची काम करायची पद्धत मी त्या रात्रींत जवळून पाहिली. रोग्याला कुशीवर वळवण्याआधी त्या स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करून घेत. टाचेखाली टॉवेलची घडी अशी सरकवत की टाच गादीला टेकू नये, कारण तिथेच आधी जखम होते. हे सगळं करताना त्यांचे ओठ हलत असत. मला आधी वाटलं, पुटपुटत असतील, कंटाळल्या असतील. मग कळलं, ज्याच्या खाटेपाशी उभ्या आहेत त्याचं नाव घेऊन त्या प्रार्थना करत होत्या. शेजारच्या खाटेवर एक मुसलमान आजोबा होते, पलीकडे एपीएमसी मार्केटमधले एक माथाडी कामगार. मावशींनी कुणाला काही सांगितलं नाही, कुणाच्या हातात पत्रक दिलं नाही. टाचांखाली घड्या मात्र सगळ्यांच्या होत्या.

पप्पा गेल्यावर त्या आमच्या वर्गात येऊ लागल्या. शेवटच्या बाकावर, पाळी संपवून, डोळे लाल. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंच, "लेटर?" त्या म्हणाल्या, "न्हाई." आणि कप विसळायला उठल्या.

लेटर नव्हतं, कारण ते त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांच्या कागदांवर हिंदू मातंग अशी नोंद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता; १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला तो मिळत नाही. गावात त्याची जात कुणी विसरत नाही, पाणवठ्यावर ती आठवणीनं सांगितली जाते, पण कागदावर मात्र ती संपते. मावशींच्या मुलीचं शिक्षण त्या दाखल्यावर चाललं होतं. म्हणून आजी ख्रिस्ती, आई ख्रिस्ती, घरात रोज प्रार्थना, आणि रजिस्टरात नाव नाही. महाराष्ट्रात अशी घरं किती असतील! एकीकडे यादीत असून नसलेली माणसं, दुसरीकडे असून यादीत नसलेली. कुणी त्यांना भित्रं म्हणतं. कुणी म्हणतं, दोन डगरींवर पाय. ज्यांच्या पोटाला कधी चिमटा बसलेला नाही त्यांना असं बोलणं सोपं जातं.

मावशींकडे पाहताना मला टिळक आठवतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियन माणसानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते कोणत्या मंडळीत गेले, कुठे पाळक झाले, सगळ्याची नोंद आहे. पण ज्यानं ते पुस्तक हातात ठेवलं त्याचं नाव टिळकांना कधी कळलं नाही.

मधली दोन वर्षं टिळक काय होते? गिरिप्रवचन वाचून हललेले, पुस्तक खाली ठेवता न येणारे, आणि पटावर मात्र ब्राह्मण. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट आणखी वेगळी. नवऱ्याच्या धर्मांतरानं त्यांचा संसार मोडला, त्या वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्या, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. पण त्याआधीच एका रात्री जातिभेद त्यांच्या मनातून गळून पडला. माणसामाणसांत भेद देवानं केलेला नाही, तेव्हा आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन, असं त्यांनी ठरवलं आणि तसं वागल्या. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला तो प्रसंग विसरता येत नाही. पाणी त्यांच्या डोक्यावर नंतर पडलं. काम आधीच झालेलं होतं.

आणि स्वतः टिळक शेवटी कुठे पोचले? वीसबावीस वर्षं मिशनबरोबर काढल्यावर, नावाजलेले पाळक आणि कवी असताना, १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांनाही जागा होती आणि न झालेल्यांनाही. येशूच्या पायाशी बसायची इच्छा ही एकच अट. त्यांनी मंडळीला लाथ मारली असं मुळीच नाही. तिच्यासाठीच तर त्यांनी इतकी गीतं लिहिली की आज मराठी उपासना त्यांच्यावाचून उभी राहणार नाही. पण गुरूभोवतीचा शिष्यसमुदाय आणि संस्थेच्या पटावरचे सभासद यांतलं अंतर त्यांना दिसलं होतं, आणि ते दिसल्यावर त्यांना पगार घेत राहवेना. वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते दिसायचंच. दिंडीत शिरताना कुणी कुणाला लेटर मागत नाही.

मंडळीवाचून एकट्यानं विश्वास ठेवता येतो का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारतो. येत असेल. मला येत नाही. पप्पा गेल्यावर काही महिने मी रविवारी उठून नुसता पाम बीच रोडला खाडीकडे तोंड करून बसायचो. मन शांत व्हायचं, पण तिथे मला कुणी नको असलेला माणूस भेटत नसे. मंडळीत तो भेटतो. सुरात न गाणारा, माझ्याशी वैर धरलेला, निवडणुकीत ओरडलेला. प्रभुभोजनाला त्याच्याच शेजारी गुडघे टेकावे लागतात, एकाच भाकरीचा तुकडा दोघांनी घ्यावा लागतो. कोरोनाच्या दिवसांत आमच्या आजारी घरासमोर डबे ठेवून जाणाऱ्यांमध्ये तोही होता. रजिस्टर नसतं तर डबे कुणाच्या दारात ठेवायचे हे कळलं नसतं. म्हणून पट फाडून टाकावा असं मी म्हणणार नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं एक चित्र आहे. राजा लोकांना मेंढरं आणि शेरडं अशी वेगवेगळी करतो. भुकेल्याला कुणी जेवू घातलं, आजाऱ्याला कुणी पाहिलं, यावरून. लहानपणी रविवारच्या शाळेत आम्हाला हे पाठ होतं. मोठेपणी लक्षात आलं की त्या गोष्टीत दोन्ही बाजूंची माणसं चकित होतात. ज्यांना आत बोलावलं तेही विचारतात, प्रभो, आम्ही हे केव्हा केलं? त्यांना ठाऊकच नसतं. त्यांनी आपल्या विश्वासाची वही ठेवलेली नसते. हे आठवलं की मावशींच्या हलणाऱ्या ओठांवर मला निबंध लिहायचा संकोच वाटतो. त्यांना हे कळलं तर त्या गोंधळून जातील.

दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले. माती द्यायची तर मंडळीचं पत्र लागतं. ज्या कमिटीकडे विचारणा केली तिथून उत्तर आलं की मयताचं नाव सभासदांच्या यादीत नाही, वर्गणीची पावती नाही, जागा आधीच कमी आहे, सबब नाइलाज आहे. कमिटीतली माणसं दुष्ट नव्हती. नियमाची वही पुढे ठेवूनच ती बोलत होती, आणि शहरात कबरींना जागा अपुरी आहे हे खोटं नाही. संध्याकाळपर्यंत फोनाफोनी झाली. शेवटी मावशीच म्हणाल्या, "राहू द्या. माती झाली काय अन् राख झाली काय, त्याला ठावं हाय हा कुनाचा." महापालिकेच्या स्मशानभूमीत दहन झालं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आमचे पाळकसाहेब भिजलेल्या चपलांनी उभं राहून प्रार्थना करत होते आणि आम्ही आठदहा जण आमेन म्हणत होतो. मावशी तिसऱ्या दिवशी रात्रपाळीला गेल्या.

त्यांनी तक्रार केली नाही. मी करतो आहे. नोकरीसाठी, दाखल्यासाठी, शहर बदलल्यामुळे किंवा नुसत्या आळसानं ज्यांची नावं चढायची राहिली, त्यांच्या विश्वासाचा न्याय कमिटीनं करू नये, आणि मेल्यावर तर मुळीच करू नये. वर्गणी घ्या, यादी ठेवा, निवडणुका करा. पण जो माणूस तुमच्या शेवटच्या बाकावर बसून प्रार्थना करत होता, त्याच्या मातीसाठी पाळकांचा शब्द पुरेसा धरावा, एवढा एक ठराव आपापल्या मंडळीच्या येत्या सर्वसाधारण सभेत मांडा. मी आमच्याकडे मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.